गूळ-तिखट कोंबडी आणि आपल्या ताटातला वाटा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आहार या विषयावर झालेलं भाषण. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



हप्त्याचं बोलणं झालं, कर्जाच्या मागणीचं झालं. आता थोडं सयपाकाचं बोलू. तुम्ही म्हणाल, सयपाक काय आमाले शिकवता? नाही बाई, सयपाक तुम्हाला येतोच. मला बोलायचं आहे ते सयपाक झाल्यावर काय होतं त्याबद्दल.

आपल्याकडे कोंबडी म्हणजे रस्सा. कांदा-खोबरं भाजा, मसाला वाटा, गंज चढवा, उकळी येऊ द्या. दीड-दोन तास कुठेच गेले नाहीत. रोवणीच्या दिवसांत दिवसभर बांधीत वाकून आलेली बाई रात्री हे सगळं करते. मग आधी पाहुणा जेवतो, मग घरची माणसं, मग लेकरं. शेवटी ती बसते तेव्हा गंजात रस्सा असतो, फार तर एखादी मान. कोणी विचारलंच तर म्हणते, "मले रस्साच आवडते."

यात कोणी मुद्दाम वाईट वागत नाही. रश्श्यात पीस बुडालेले असतात. कोणी किती घेतले, ते दिसत नाही. जे दिसत नाही त्याचा हिशेब होत नाही. आपण गटात पैसा सगळ्यांसमोर मोजतो, वहीत लिहितो, वाचून दाखवतो. म्हणूनच गटात भांडण होत नाही. तीच सवय चुलीजवळ का नको?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायांपैकी 54 जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. देशभरात बायांचा आकडा 57 आहे आणि पुरुषांचा 25. पाळी, बाळंतपणं ही कारणं आहेतच. पण ताटात शेवटी उरलेलं खाणं हेही एक कारण आहे. दम लागतो, पाय दुखतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि आपण म्हणतो, "कामानं थकली असन."

म्हणून आज एक सुकी कोंबडी सांगते. पाऊण तासात होते आणि तिचे पीस मोजता येतात. चव गोड, आंबट आणि तिखट. तिळाच्या लाडवाचा पाक ज्या बाईला जमतो, तिला ही जमलीच समजा.

पाच माणसांसाठी सामान

बॉयलर कोंबडी अर्धा किलो. दुकानदाराला बारीक पीस करून मागा, साधारण वीस होतात. कलेजी सोडू नका, मागून घ्या. गूळ किसून तीन मोठे चमचे. सुपारीएवढी चिंच अर्धी वाटी कोमट पाण्यात भिजवून कोळ काढा. लाल तिखट दोन लहान चमचे. भिवापुरी मिरचीचं असेल तर आधी दीडच घाला, मग चव पाहा. लसूण-अद्रक वाटून एक मोठा चमचा, हळद, मीठ, तेल तीन मोठे चमचे. वरून भाजलेला जवस आणि सांबार.

गावरान कोंबडी यासाठी नको. तिचं मटण घट्ट, तिला वेळ लागतो. ती रश्श्यालाच ठेवा.

कृती

आधी एका चुलीवर भात लावा. कोंबडीला मीठ, हळद आणि लसूण-अद्रक चोळून पंधरा मिनिटं ठेवा. तेवढ्यात चिंचेच्या कोळात गूळ आणि तिखट कालवून घ्या.

पसरट लोखंडी कढई चांगली तापवा, तेल घाला. पीस एकाला एक लागून, एकाच थरात मांडा. ढीग करू नका. ढीग केला की पाणी सुटते आणि पीस भाजण्याऐवजी उकडतात. चार मिनिटं हात लावू नका. खालून लाल झाले की उलटा, अजून चार मिनिटं. मग आच कमी करा, झाकण ठेवा, दहा-बारा मिनिटं शिजू द्या. चुलीवर असाल तर दोन लाकडं मागे ओढा. कलेजी शेवटच्या सहा-सात मिनिटांत टाका, नाहीतर दगडासारखी होते.

झाकण काढून सगळ्यात जाड पीस हाडाजवळ दाबून पाहा. पाणी गुलाबी आलं तर अजून शिजवा. स्वच्छ आलं आणि आतलं मटण पांढरं दिसलं की शिजली.

आता गूळ-चिंचेचं पाणी घाला. हे शेवटीच घालायचं. गूळ आधी घातला तर कोंबडी शिजायच्या आत तो करपतो आणि सगळं कडू होते. आच थोडी वाढवा आणि हलवत राहा. चार-पाच मिनिटांत पाणी आटते, बुडबुडे मोठे होतात, पाक पिसांना चिकटू लागतो. चमच्यावरून घसरताना एक तार दिसली की उतरवा. लाडवाइतका पाक पुढे नेऊ नका, थंड झाल्यावर दाताला चिकटेल. वरून जाडाभरडा जवस आणि सांबार टाका.

लोखंडी कढईत आंबट शिजलं की थोडं लोह अन्नात उतरते, ते आपल्या फायद्याचं. पण झाल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळं पडते. जेवताना लिंबू पिळा, लिंबानं लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो लोह लागू देत नाही.

दोन-तीन काळजीच्या गोष्टी

कोंबडी ज्या दिवशी आणली त्याच दिवशी शिजवा. फ्रिज नसेल तर दोन तासांच्या आत चुलीवर चढली पाहिजे. धुवायचीच असेल तर भांड्यात धुवा, धारेखाली नको. शिंतोडे पिण्याच्या पाण्यावर आणि कापलेल्या कांद्यावर उडतात. कच्च्या कोंबडीची सुरी आणि पाटी साबणानं धुतल्याशिवाय दुसऱ्या कशाला लावू नका. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी गूळ अर्धाच घालावा.

आता वाट्याचं

कढई उतरली की ताटं एका रांगेत मांडा. वीस पीस, पाच ताटं. एका ताटात चार. तुमचं ताट त्याच रांगेत, शेवटी नाही. चार मोठे आणि चार लहान असं होऊ देऊ नका. आणि सगळे एकत्र बसा. ही कोंबडी सुकी असल्यामुळे मधेमधे उठून गरम रस्सा वाढायची गरजच पडत नाही.

कलेजी वेगळी काढा. कोंबडीच्या मटणापेक्षा कलेजीत लोह कितीतरी जास्त. ज्या मुलीला पाळी सुरू झाली आहे, ज्या बाईचं रक्त कमी निघालं आहे, तिला ती द्या. घरात दोघी असतील तर पाळी लावा. गरोदर बाईनं मात्र आधी एएनएम ताईंना विचारावं, कारण कलेजीत जीवनसत्त्व अ फार असते.

काही जणी म्हणतील, "सासूबाई काय म्हणतील?" त्यांच्या ताटातही चार पीस पडू द्या, मग पाहा. आयुष्यभर त्यांनीही रस्साच खाल्ला आहे. त्यांना वाटा मिळाला तर त्या तुमच्या बाजूनं बोलतील.

श्रावणात, सोमवारी-गुरुवारी किंवा माळकरी घरात हाच पाक भिजवून पिळलेल्या, तेलावर परतलेल्या सोयाबीन वड्यांवर घाला. अंडी चालत असतील तर उकडलेली अंडी अर्धी कापून घ्या. तीही मोजता येतात.

एका रविवारच्या कोंबडीनं रक्त भरून येत नाही, हेही सांगते. लोहाच्या गोळ्या, परसबागेतला पालक आणि शेवगा, डाळ हे रोजचं आहे. पण रोजच्या भाजी-डाळीतही आपलं ताट रांगेत आलं पाहिजे. त्याची सवय कोंबडीपासून लावायला काय हरकत आहे?

आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे. तेव्हा पुढच्या बैठकीत हजेरी घेताना प्रत्येकीनं एकच गोष्ट सांगायची: माझ्या ताटात किती पीस आले. खरं सांगायचं. शून्य असेल तर शून्य. सचिव ताई ते वहीत लिहून घेतील, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात आपण ते वाचून दाखवू.