वेलांटी जागेवर यायला हवी



बिरबलनाथ महाराज आणि दादा हयात कलंदर यांच्या मंगरूळपिरात आपले मनापासून स्वागत. जावाच्या जुन्या नेटिव्ह बाइंडिंगवर परिषद आणि तीही तालुक्याच्या गावी कशाला, असे काहींनी विचारले. माझे उत्तर असे, की हे बाइंडिंग बदलण्याशी आपल्या लिपीचा थेट संबंध आहे.

जावातून सी भाषेतला कोड बोलवायला १९९७ पासून जेएनआय हा ठरलेला रस्ता. आपला वाशीम जिल्हा झाला १९९८ साली. म्हणजे जेएनआय जिल्ह्याहून जुना! त्यात मध्ये सीचा जोडकोड लिहावा लागतो, विंडोजसाठी वेगळा, लिनक्ससाठी वेगळा बांधावा लागतो. लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला, की त्या फायलीला हात लावायला कुणी धजत नाही. मार्च २०२४ मध्ये जावा २२ आली आणि फॉरेन फंक्शन अँड मेमरी एपीआय पक्का झाला. आता सीच्या फंक्शनचे वर्णन जावातच लिहायचे. मेमरीची हद्द सेगमेंट राखतो, ती कधी मोकळी करायची ते अरीना पाहतो. वर्णन चुकले तर मात्र नव्या रस्त्यावरही प्रोग्राम कोसळू शकतो, हे विद्यार्थ्यांनी पक्के लक्षात ठेवावे.

आता आपली लिपी. ‘विहीर’ लिहिताना संगणक आधी ‘व’ साठवतो, मग पहिली वेलांटी. पडद्यावर वेलांटी आधी दिसली पाहिजे. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर चढला पाहिजे. जावा ९ पासून ही मांडणी हार्फबझ ही सी++ मधली लायब्ररी करते. कोणत्या अक्षराची आकृती कोणती, रुंदी किती, हे ती उलट जावालाच विचारते. दोन्हीकडून ये-जा असलेला हा अवघड सांधा जावाच्या कर्त्यांनी आवृत्ती २२ मध्ये नव्या एपीआयवर आणला आणि जेएनआयचा जुना मार्ग तूर्त शेजारीच ठेवला. ही रीत मला फार मोलाची वाटते. आपणही एकेक फंक्शन हलवावे, तोच मजकूर दोन्ही मार्गांनी छापून ताडून पाहावा, मगच जुने काढावे.

घाई नको, पण चालढकलही नको. मार्च २०२५ च्या जावा २४ पासून नेटिव्ह कोडला स्पष्ट परवानगी दिलेली नसेल, तर जेएनआय वापरतानाही इशारा छापला जातो. पुढे असा वापरच अडवला जाणार आहे. परवानगी नव्या एपीआयलाही लागतेच.

चाचणीला मराठी शब्द घ्या, ही माझी कळकळीची विनंती. ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘दर्‍या’ यांतला अर्धा ‘र’ हिंदीच्या नमुन्यात सापडणार नाही; तो बिघडला तर आपल्याच लोकांच्या पावत्या आणि दाखले बिघडतील. आमच्या विद्यार्थ्यांनी अशा शब्दांची यादी केली आहे, ती प्रत्येक टेबलावर ठेवली आहे. दुपारच्या सत्रात आपापला जुना कोड उघडा आणि या मुलांना शेजारी बसवून घ्या.

अध्यक्ष महोदयांनी कामकाज सुरू करावे, अशी विनंती करतो.