खडी कुणाची?

(पनवेल येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



भ्रष्टाचार वाढला की घटला, हे आपण कशावरून ठरवतो? ‘ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल’च्या २०२४ च्या निर्देशांकात भारताला १०० पैकी ३८ गुण मिळाले. परंतु हा आकडा तज्ज्ञांच्या व उद्योजकांच्या मतांवर उभा आहे. शिधापत्रिकेसाठी हेलपाटे घालणाऱ्या मोलकरणीला त्यात कुणी विचारलेले नाही. तो समज मोजतो, चोरी नव्हे.

चोरी मोजायची तर कागदावरचा खर्च आणि जमिनीवरचे काम यांतील अंतर मोजले पाहिजे. महाराष्ट्राच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत सिंचित क्षेत्राचे प्रमाण दशकभरात १७.८ वरून केवळ १७.९ टक्क्यांवर गेल्याचे दिसले आणि सुमारे ७० हजार कोटींच्या खर्चाचा प्रश्न उभा राहिला. नोव्हेंबर २०१२ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने ‘निर्मित सिंचनक्षमता’ पुढे केली. क्षमता कागदावर असते, पाणी शेतात लागते! हे सारे अंतर म्हणजे लाच नव्हे. रखडलेली कामेही त्यात आली. तथापि अंतर दिसले म्हणूनच चौकशीची मागणी टिकली.

इंडोनेशियात २००३-०४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी सहाशेहून अधिक खेड्यांतील नवे रस्ते खणून साहित्य मोजले. सरकारी लेखापरीक्षण निश्चित होणार हे जेथे आधीच कळले, तेथे गहाळ खर्चाचे प्रमाण सुमारे आठ टक्केबिंदूंनी उतरले. गावसभांतील सहभाग वाढवल्याने मात्र मजुरीतील चोरी घटली, साहित्यातील नाही. लोकसहभागावर भिस्त ठेवणाऱ्या आपल्या चळवळीला हे बोचेल. पण ते मान्य केले पाहिजे. मजुरी आपली असते, म्हणून माणूस जागा राहतो. खडी कुणाचीच नसते.

ती आपली करण्याचे साधन हाती आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार नागरिकाला केवळ कागदच नव्हे, तर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार आहे. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. तिच्याकडे आपली मागणी एकच असावी : दरवर्षी चिठ्ठ्या टाकून काही कामे निवडा, बाहेरच्या अभियंत्यांकडून ती खणून मोजून घ्या आणि निष्कर्ष भरसभेत वाचा. तोवर आपण अर्ज करू, नमुने मागू.

भ्रष्टाचाराविरुद्ध घोषणा पुष्कळ झाल्या. आता मोजमापाला लागू या.