विहिरीपर्यंत पोहोचणारे विद्यापीठ

(उरण परिसरातील अभियांत्रिकी व आयटीआयचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



मी कला शाखेचा पदवीधर; आयुष्य वृत्तपत्रात गेले. तेव्हा तेल आणि वायू या विषयावर उरणमध्ये येऊन बोलणे म्हणजे कोळ्याला पोहणे शिकवण्यासारखे आहे. बॉम्बे हायचे तेल आणि वायू समुद्राखालच्या वाहिन्यांतून ज्या किनाऱ्यावर येतात, त्याच किनाऱ्यावर आपण राहता. तरीही हे निमंत्रण मी स्वीकारले, कारण या उद्योगातील एक प्रश्न मला अनेक वर्षे छळतो आहे. तो यंत्रांचा नाही, माणसे घडवण्याचा आहे.

२७ जुलै २००५ हा दिवस येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आदल्या दिवशीच्या पावसाने मुंबई पाण्याखाली गेली होती. बॉम्बे हायमधील ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावर एका आचाऱ्याच्या बोटांना इजा झाली. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून त्याला जवळच्या प्लॅटफॉर्मवर न्यायचे ठरले. त्याला क्रेनने वर पोहोचवलेही गेले. त्यानंतर मात्र लाटांत हेलकावणारे जहाज प्लॅटफॉर्मच्या कडेच्या वायुवाहिनीवर आदळले. वायू गळला, भडका उडाला आणि सुमारे दोन तासांत तो अवाढव्य प्लॅटफॉर्म कोसळला. ३६२ जण वाचले. २२ जण परतले नाहीत.

या घटनेत किती प्रकारची कौशल्ये गुंतली होती, याचा विचार करा. जहाज स्थिर ठेवणारा कप्तान, क्रेन चालवणारा कामगार, खवळलेल्या समुद्रात असे स्थलांतर करावे की नाही याचा निर्णय घेणारा अधिकारी. आणि कित्येक वर्षांपूर्वी, कार्यालयात बसून, ती वाहिनी प्लॅटफॉर्मच्या बाहेरच्या बाजूस आखणारा अभियंता. तेलउद्योगात कौशल्य एकट्याचे नसते, ती साखळी असते. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच असते. म्हणूनच या क्षेत्रातील शिक्षण हा केवळ नोकरीचा नव्हे, तर जीवितसुरक्षेचा आणि राष्ट्रीय स्वावलंबनाचा प्रश्न आहे.

थोडे मागे जाऊ. आसामातील दिग्बोई येथे १८८९ साली तेलविहीर खोदली गेली आणि १९०१ साली तेथे शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. म्हणजे या उद्योगात आपण नवखे नाही. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. तेल शोधायचे तर माणसे हवीत, हे त्या पिढीने ओळखले होते. पुढच्याच वर्षी, १९५७ साली, धनबादच्या खनिकर्म विद्यालयात पेट्रोलियम अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. रशियन तज्ज्ञांच्या हाताखाली आपली मुले शिकली. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने बॉम्बे हायमध्ये तेल शोधले. ते जहाज जपानमध्ये बांधलेले होते. पण १९७६ च्या मे महिन्यात तेथून उत्पादन सुरू झाले, त्यामागे देशात घडलेली एक पिढी उभी होती.

मग अडले कोठे? त्याचे उत्तर त्याच आसामात सापडते. २७ मे २०२० रोजी तिनसुकिया जिल्ह्यातील बागजान येथे वायूची विहीर अनियंत्रित झाली. ९ जून रोजी तिने पेट घेतला. दोन अग्निशामक जवानांनी प्राण गमावले, हजारो ग्रामस्थांना घरदार सोडावे लागले, शेजारच्या पाणथळ भूमीची हानी झाली. आपल्या तंत्रज्ञांनी शर्थ केली, यात शंका नाही. परंतु सिंगापूरहून तज्ज्ञ बोलवावे लागले, कॅनडातून विशेष यंत्रणा विमानाने आणावी लागली आणि विहीर पूर्ण बंद होण्यास १५ नोव्हेंबर उजाडला. दिग्बोई ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात ही वेळ आली. संकटात परक्याची मदत घेण्यात कमीपणा नाही. पण सव्वाशे वर्षांच्या अनुभवानंतरही ती घ्यावी लागते, तेव्हा तो अनुभव पुढच्या पिढीकडे नीट पोहोचला का, हे विचारलेच पाहिजे.

हाच प्रश्न नॉर्वेसमोरही होता. मासेमारी आणि जहाजे हे त्या देशाचे पिढीजात व्यवसाय. १९६९ साली त्याच्या समुद्रात एकोफिस्क हे मोठे तेलक्षेत्र सापडले, तेव्हा त्यांच्याकडे तेलाचे तंत्र जाणणारी माणसे फारशी नव्हती. विदेशी कंपन्या दाराशी रांगेत उभ्या होत्या. नॉर्वेने दार उघडले, पण अट घालून. १९७९ पासून समुद्रातील क्षेत्रे वाटून देताना, कोणती कंपनी नॉर्वेतील विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत किती काम करून घेते, हे पाहिले जाऊ लागले. त्यामुळे परक्या कंपनीचा पैसा त्रोन्हाइमच्या तंत्रविद्यालयात आला, तेथील प्राध्यापक समुद्रातल्या खऱ्या अडचणींवर काम करू लागले आणि त्यांचे विद्यार्थी त्याच कामातून शिकले. तेल संपले तरी विद्या उरेल, असा तो हिशेब होता.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००७ साली पेट्रोलियम मंत्रालयाच्या पुढाकाराने संसदेच्या कायद्याने राजीव गांधी पेट्रोलियम तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. त्याच वर्षी गांधीनगरला पंडित दीनदयाळ पेट्रोलियम विद्यापीठ आले. ते आज ऊर्जा विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने २०१८ साली इंडियन ऑइलच्या साहाय्याने भुवनेश्वरला शाखा काढली. तेथील विद्यार्थी अभ्यासक्रमाची काही सत्रे प्रत्यक्ष कारखान्यात काढतात. सरकारी तेल कंपन्यांनी भुवनेश्वर, विशाखापट्टणम, कोची, अहमदाबाद, गुवाहाटी आणि रायबरेली येथे कौशल्य विकास संस्था चालवल्या आहेत. दिशा योग्य आहे.

पण दिशा योग्य असली म्हणजे मुक्काम आला, असे होत नाही. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात गेलो होतो. प्राचार्यांच्या दालनात सामंजस्य करारांची छायाचित्रे ओळीने लावलेली. हस्तांदोलने, पुष्पगुच्छ, सगळे यथासांग. नंतर प्रयोगशाळेत गेलो. शेवटच्या वर्षाच्या एका हुशार मुलाला विचारले, “उच्च दाबाची झडप तू कधी उघडून पाहिली आहेस का?” तो भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत प्रांजळपणे म्हणाला, “सर, आकृती काढता येते.” त्याच्या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटले, आणि त्या करारांची लाज वाटली.

म्हणून माझ्या तीन अपेक्षा आहेत. पहिली शिक्षकांविषयी. जो अध्यापक दहा वर्षांत एकदाही विहिरीवर गेला नाही, तो विहीर कशी शिकवणार? त्याला दर काही वर्षांनी क्षेत्रावर पाठवा आणि तीस वर्षे खोदकाम केलेल्या माणसाला वर्गात आणा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली अनुभवी व्यावसायिकांना प्राध्यापक म्हणून नेमण्याची वाट मोकळी केली आहे. त्या वाटेने चालायचे आहे.

दुसरी विद्यार्थ्यांविषयी. दोन दिवसांची औद्योगिक सहल म्हणजे प्रशिक्षण नव्हे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आपल्याकडे आहे. पाळीत उभे राहून, नोंदवही लिहून, पुढच्या पाळीच्या माणसाला काम समजावून देऊन जे शिकता येते, ते परीक्षेच्या गुणांत मोजले गेले पाहिजे.

तिसरी अपेक्षा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या गावांविषयी आहे. प्रकल्पांसाठी या परिसराने जमिनी दिल्या. येथील मुलगा कारखान्यात जातो तो बहुधा कंत्राटदाराचा कामगार म्हणून; हातमोजे आणि हेल्मेट त्याला मिळते, विद्या मिळेलच असे नाही. वेल्डर, फिटर, उपकरणे जुळवणारा तंत्रज्ञ, ही साखळीतील शेवटची कडी आहे. कंपनीने कंत्राट देताना, तुझ्या माणसांना तू काय शिकवलेस, हेही विचारावे आणि आसपासच्या आयटीआयने ती शिकवण प्रमाणित करावी. नॉर्वेची अट आपल्याला येथे, इतक्या जवळ लागू करता येते.

एक शंका पालकांच्या मनात असणार. विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या, तेलाचे युग सरत आले; मग मुलाला या क्षेत्रात का घालावे? शंका रास्त आहे. परंतु आज आपण गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. ही गरज एका रात्रीत संपणार नाही. जुन्या विहिरी सुरक्षितपणे बंद करण्यासही जाणकार लागतील. लडाखच्या पुगा खोऱ्यात भूगर्भातील उष्णतेसाठी विहिरी खोदण्याचे काम तेल व नैसर्गिक वायू महामंडळानेच हाती घेतले. घरोघरी येणारी वायूची नळी जोडणारा फिटर चुकला, तर स्फोट आपल्या स्वयंपाकघरात होतो. इंधन बदलेल, दाब, उष्णता आणि गळती यांची जाण असलेल्या हातांची गरज बदलणार नाही.

कार्यकर्त्यांना एवढीच विनंती आहे. आपल्या तालुक्यातील आयटीआयमध्ये जा, तेथे गेल्या वर्षी किती मुले खऱ्या कारखान्यात शिकली, ते विचारा. निवृत्त तंत्रज्ञ आपल्याच वस्तीत राहतात. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांना मुलांसमोर बसवा. यासाठी कोणत्याही कराराची वाट पाहावी लागत नाही.

आणि विद्यार्थी मित्रहो, आकृती अवश्य काढा. पण वर्ष संपण्यापूर्वी ती झडप एकदा स्वतःच्या हाताने उघडून, नीट बंद करून पाहा. ती संधी मिळाली नाही, तर आपल्या प्राचार्यांकडे नम्रपणे, पण पुन्हा पुन्हा मागा.