सर, हात?

आजपासून ज्यांना मी डॉक्टर, सिस्टर, ब्रदर म्हणणार ते मित्रहो,

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्यातलं एक आजारी पोर पाठीवर घेतलं आणि आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या ससाणे मळ्यातल्या दवाखान्यात आणलं. पोर वाचलं. १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता, पण तो पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं १८९८ मध्ये. काय टाळायचं हे सावित्रीबाईंना सांगणार कोण?

तुम्हाला ती सबब नाही. हात स्वच्छ करायला हॅन्डरबला वीस-तीस सेकंद, साबण-पाण्याला चाळीस ते साठ. तोंडी परीक्षेत घडाघडा सांगितलंत. तरी हात धुवायचे राहतात. का, ते माझ्यावरूनच सांगतो.

मी नवजात बाळांच्या वॉर्डात रेसिडेंट होतो. राउंड चालू, पुढे प्रोफेसर, मागे मी, एका पाळण्यावरून दुसऱ्याकडे. नवीन लागलेल्या सिस्टर हळूच म्हणाल्या, ‘सर, हात?’ मी नुसतं पाहिलं त्यांच्याकडे. कसं पाहिलं असेन, तुम्ही ओळखलंच. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. दोन दिवसांनी त्यातल्या एका बाळानं दूध ओढणं सोडलं, अंग गार पडलं. रक्तात क्लेब्सिएला हा जंतू. माझ्याच हातावरून गेला का? कधीच कळणार नाही.

आईच्या प्रतिपिंडांची शिदोरी बाळाला मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत मिळते. अकाली जन्मलेलं मूल ती अर्धवटच घेऊन निघतं, कातडीही कागदासारखी. त्याला चीक द्या, आईच्या छातीशी ठेवा. आणि ‘उद्या लागेल’ म्हणून शिरेत ठेवलेली इंट्राकॅथ आजच काढा. ती जंतूंसाठी उघडं दार आहे.

डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नात डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावलं आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं कमी झाले. तिथल्या सुइणींच्या वॉर्डात ते आधीपासूनच कमी होते! तरीही अनेक डॉक्टरांना पटलं नाही. आपले हात घाण असू शकतात, हे मोठ्या माणसाला पचत नाही. पदवीबरोबर हा अपचनाचा विकार मिळतो, जपा.

आमच्या वॉर्डात आता रीत आहे. मावशी, मामा, सिस्टर, बाळाची आई, कुणीही कुणालाही अडवावं. अडवलेल्यानं फक्त ‘थँक्यू’ म्हणायचं. सुरुवातीला मावशी हसायच्या, नको म्हणायच्या. सहा महिने गेले त्यात.

परवा एका बाळाच्या आईनं मला अडवलं. मी दारातच हात धुऊन आलो होतो, तिनं पाहिलं नव्हतं. ‘धुतलेत हो’ अगदी ओठांवर आलं होतं. थँक्यू म्हणालो आणि पुन्हा बेसिनकडे गेलो.