आकाशांतील अणुभट्टी



लांब पल्ल्याच्या विमानाला सर्वांत जड काय होत असेल, तर तें त्याचें इंधन. दूर जावयाचें तर तेल अधिक हवें. आणि तें तेल वाहून नेण्यासाठीं पुन्हां आणखी तेल हवें. उलट, एक किलो युरेनियमचें संपूर्ण विभाजन झालें, तर अडीच-तीन हजार टन कोळसा जाळल्याइतकी उष्णता निघते. मग मूठभर इंधनावर दिवसेंदिवस आकाशांत राहणारें लढाऊ विमान कां बांधूं नये? या एका प्रश्नापायीं अमेरिकेनें १९४६ पासून १९६१ पर्यंत पंधरा वर्षें आणि सुमारें शंभर कोटि डॉलर खर्चीं घातले. तें विमान कधींच उडालें नाहीं. कां उडालें नाहीं, तें आज पाहावयाचें आहे.

कल्पनेंत वेडेपणा नव्हता. जेट यंत्रांत हवा आंत घेऊन दाबतात, तेल जाळून ती तापवितात आणि मागील बाजूनें वेगानें सोडतात. त्या धक्क्यानें विमान पुढें जातें. तेलाच्या ज्वाळेऐवजीं अणुभट्टीची उष्णता वापरली कीं काम झालें. १९५६ सालीं आयडाहो प्रांतांतील प्रयोगभूमीवर एक जेट यंत्र केवळ अणुभट्टीच्या उष्णतेवर खरोखरच चालविण्यांत आलें. मात्र तें जमिनीवर!

खरी अडचण निराळीच होती. चालू भट्टींतून अत्यंत भेदक किरण बाहेर पडतात. ते अडविण्यास शिसें, पाणी, काँक्रीट यांच्या जाडजूड भिंती लागतात. कारखान्यांत त्या बांधतां येतात, विमानांत बांधल्या तर विमान भूमि सोडणार नाहीं. म्हणून शास्त्रज्ञांनीं एक तोड काढली. भट्टीभोंवतीं कवच थोडें ठेवावयाचें आणि उरलेलें वैमानिकांच्या खोलीभोंवतीं घालावयाचें. यानें वजन घटलें, परंतु किरण घटले नाहींत. ते वैमानिकांना सोडून इतर दिशांना मोकळे झाले. जमिनीवर विमानाची निगा राखणाऱ्या कारागिरांना चालू भट्टीच्या जवळ फिरकतांही आलें नसतें. कवच हलकें झालें, तें कोणाला वांचवावयाचें याची निवड करून!

या कवचाची परीक्षा पाहण्यासाठीं बी-३६ जातीच्या एका प्रचंड बाँबफेकी विमानांत एक चालू अणुभट्टी ठेवण्यांत आली. पंखे फिरत ते नेहमींच्या तेलावरच. भट्टी केवळ ओझें म्हणून जाई. वैमानिकांची शिशाची खोली एकटीच सुमारें अकरा टनांची होती. सप्टेंबर १९५५ पासून मार्च १९५७ पर्यंत या विमानानें ४७ उड्डाणें केलीं. त्याच्या सोबत सशस्त्र सैनिकांनीं भरलेलें दुसरें विमान असे. मुख्य विमान कोसळलें, तर या सैनिकांनीं हवाई छत्र्यांनीं उतरून त्या जागेला वेढा घालावयाचा होता. अपघात झाल्यास लोकांना त्या भूमीपासून दूर ठेवावें लागेल, हें योजकांनाही ठाऊक होतें.

आपल्या भंडारा जिल्ह्याला या विषयाचें मर्म फोडून सांगावयास नको. जवाहरनगरची आयुध निर्माणी आपल्या शेजारीं आहे. २४ जानेवारी १९२५ नव्हे, अगदीं अलीकडे, २४ जानेवारी २०२५ रोजीं तेथें स्फोट होऊन कामगार प्राणांस मुकले. स्फोटक द्रव्यांच्या कारखान्यांत इमारती एकमेकींपासून दूर ठेवतात, मध्यें मातीचे बांध घालतात. एवढें करूनही माणसें जातात. आतां हेंच भय पंख लावून आपल्या गांवांवरून फिरूं लागलें अशी कल्पना करा. आकाशांत बांध कोठें घालणार? आणि आपला मुलूख तर तळ्यांचा, बोड्यांचा, धानाच्या बांध्यांचा! फुटक्या भट्टीचें द्रव्य पाण्यांत आणि चिखलांत मिसळलें, तर तें वेंचावें कोणीं?

हें केवळ कल्पनेचें भय नाहीं. २४ जानेवारी १९७८ रोजीं अणुभट्टी वाहणारा रशियाचा एक उपग्रह कानडाच्या उत्तर भागावर कोसळला. त्याचे तुकडे शेंकडों मैलांच्या पट्ट्यांत विखुरले आणि कित्येक महिने शोध चालला. तो प्रदेश जवळजवळ निर्मनुष्य होता, हेंच दैव म्हणावयाचें.

मग हा उद्योग पंधरा वर्षें चालला कसा? परस्परांच्या धास्तीनें. डिसेंबर १९५८ मध्यें एका अमेरिकन साप्ताहिकानें रशियाचें अणुविमान उडूं लागल्याची बातमी दिली. ती खोटी ठरली. रशियानें १९६१ सालीं टु-९५ विमानांतून भट्टी नेली, तीही नुसतें ओझें म्हणूनच. पुढें त्यांनींही तो नाद सोडला. इकडे क्षेपणास्त्रें तयार होत होतीं, उडत्या विमानांत तेल भरतां येऊं लागलें होतें. १९५७ च्या जानेवारींत बी-५२ विमानांनीं न उतरतां पृथ्वीप्रदक्षिणा केली. अखेर २८ मार्च १९६१ रोजीं अध्यक्ष केनेडी यांनीं ही योजना बंद करीत असल्याचें जाहीर केलें.

अणुशक्तीनें वाहन चालविणें अशक्य होतें असें मात्र कोणी समजूं नये. ‘नॉटिलस’ पाणबुडी जानेवारी १९५५ मध्यें अणुशक्तीवर समुद्रांत निघाली. तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांच्या परिश्रमांतून सिद्ध झालेली आपली ‘अरिहंत’ २०१६ सालीं नौदलांत दाखल झाली. पाणबुडीला कवचाचें ओझें पेलतें, कारण तें पाणी तोलून धरतें. विमानाला तें पेललें नाहीं.

कवचाचें वजन हा यंत्रज्ञांना केवळ अडथळा वाटे. वस्तुतः तें वजन म्हणजे त्या यंत्राच्या आसपास आणि खालीं राहणाऱ्या माणसांच्या जिवाचें मोल होतें. तें मोल टाकून दिल्यावांचून जें यंत्र उडूंच शकत नाहीं, तें जमिनीवर राहिलें हेंच बरें झालें. यापुढेंही कोणी अशी नवी योजना आपल्यापुढें मांडली, तर ती किती वेगानें जाईल हें विचारण्यापूर्वीं, तिचें कवच कोणाभोंवतीं आहे आणि कोणाभोंवतीं नाहीं, एवढें आपण अवश्य विचारावें.