चंगाईचा दावा आणि रुग्णाचे औषध

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित अंश)



'चंगाई सभा' हे शब्द आपण भित्तिपत्रकांवर वाचतो आणि आपल्या मनात संताप उमटतो. परंतु ख्रिस्ती जीवनात रोगमुक्तीच्या प्रार्थनेचे स्थान कोणते, हे जाणून न घेता केलेली टीका वाया जाते.

येशूने रोग्यांना बरे केल्याच्या कथा चारही शुभवर्तमानांत आहेत. आजारी माणसाने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असा उपदेश याकोबाच्या पत्रात येतो. कॅथलिक पंथात त्याचाच पुढे संस्कार झाला. तेव्हा ही प्रार्थना त्या श्रद्धेच्या मुळाशीच आहे. आपल्याही घरी आजारपणात महामृत्युंजयाचा जप होतो. दुसऱ्याच्या प्रार्थनेची टवाळी आपल्याला शोभणारी नाही.

आक्षेप आहे तो बरे केल्याच्या दाव्याला. येथे खुद्द ख्रिस्ती परंपरेतच दोन वाटा दिसतात. फ्रान्समधील लूर्द येथे 1858 पासून लक्षावधी रुग्ण जातात. तेथे बरे झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले. वैद्यकीय छाननीनंतर चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते केवळ सत्तरीच्या आसपास. चमत्कार ही कल्पना आपल्याला पटो वा न पटो, या सावधपणाची नोंद घेतली पाहिजे. आपल्याकडे मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उभारले. ते मिशनरी होते, धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण रुग्णाला त्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतले.

दुसरी वाट मंडपातली. व्यासपीठावरून हाक येते, रुग्ण उभा राहतो, 'मी बरा झालो' अशी साक्ष देतो. त्या क्षणी त्याला बरे वाटतही असेल. गर्दी, संगीत, डोक्यावर ठेवलेला हात यांचा परिणाम होतोच. खरी आपत्ती नंतर सुरू होते. साक्ष दिलेल्या माणसाने पुन्हा गोळी घ्यायची म्हणजे आपला विश्वास अपुरा असल्याची कबुली द्यायची! आजार उलटला तर दोष प्रचारकाकडे जात नाही, रुग्णाच्या श्रद्धेकडे जातो. मग तो खोकला लपवू लागतो.

क्षयरोगाचेच पाहा. साधा क्षय बरा व्हायला किमान सहा महिने औषध लागते, आणि पहिल्या काही आठवड्यांतच ताप उतरतो, भूक लागते. नेमकी त्याच सुमारास सभा झाली, तर श्रेय कोणाला जाणार? मदर तेरेसा यांच्या 2003 मधील 'धन्य' घोषणेसाठी मान्य झालेला चमत्कार पश्चिम बंगालमधील एका आदिवासी महिलेचा होता. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी, ती औषधांनी बरी झाली, असे जाहीरपणे सांगितले होते. अर्धवट सोडलेल्या औषधाला तर जंतू दाद देईनासे होतात, आणि तोच जंतू घरातल्या मुलांपर्यंत पोहोचतो.

महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याविषयी आपल्या मंडळींत शंका होत्या. तो वाचावा. घरातील, मंदिरातील, चर्चमधील निरुपद्रवी प्रार्थनेला त्याने हात लावलेला नाही. चमत्काराच्या नावाने पैसा मिळवणे आणि फसवणे हा मात्र गुन्हा आहे. 1954 चा केंद्रीय कायदा कर्करोग, मधुमेह यांसारख्या रोगांवरील जादुई उपायांच्या जाहिरातींना मनाई करतो. हे कायदे पाद्र्याला लावा असे म्हणताना भगव्या वस्त्रातल्या बाबालाही तेच लावावे लागतील. तेथे डोळेझाक केली तर आपले कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

वस्तीत गेल्यावर 'सभेला का गेलात?' असे विचारू नका. ज्याच्याकडे मुंबईला जायचे भाडे नाही, ज्याच्या दारी वर्षभरात कोणी फिरकले नाही, तो हाक येईल तिकडे जाणारच. गोळ्यांची पट्टी पाहायला मागा. मध्येच थांबली असेल तर आशा सेविकेला कळवा, सरकारी केंद्रात ते औषध विनामूल्य मिळते हे सांगा, आणि पहिल्या खेपेला स्वतः सोबत जा.