जुनी जीप आणि कुंभार्लीचा उतार



चिपळुणाहून कराडकडे जाणारा रस्ता पोफळी गांव मागें टाकतो आणि कुंभार्लीच्या घाटाला लागतो. गांवाचें नांव ऐकून पोफळींच्या गर्द बागा डोळ्यांपुढें याव्यात. परंतु गेल्या दोन-तीन पिढ्यांना हें गांव माहीत आहे तें कोयनेच्या वीजगृहामुळें. डोंगराच्या पोटांत कोरलेल्या त्या वीजगृहांत १९६२ सालीं वीज निर्माण होऊं लागली. माथ्यावरच्या जलाशयाचें पाणी बोगद्यांतून साडेचारशे मीटरांहून अधिक खालीं येतें आणि चक्रें फिरवतें. मला आज बोलावयाचें आहे तें मात्र विजेविषयीं नव्हे, एका जुन्या मोटारीविषयीं. तरी त्या पाण्याच्या पडण्याकडे पुन्हां यावें लागणार आहे, तेव्हां तेवढें ध्यानांत असूं द्यावें.

गेल्या उन्हाळ्यांत माझा पुतण्या एक जुनी जीप घेऊन दारांत उभा राहिला. मागें लहानसा हौदा असलेली, म्हणजे आपण हल्लीं जिला पिकप म्हणतों तसली. रंग उडालेला, पत्रा जागोजाग कुजलेला, पण चॅसी शाबूत.

"काका, हिचा कायापालट करायचा आहे," तो म्हणाला.

गाडी चार इंच उंच करायची, मोठीं चाकें घालायचीं, पेट्रोलचें जुनें एंजिन काढून दमदार डिझेल एंजिन बसवायचें, आणि मागच्या आंसाला लॉकर घालायचा, असा एकंदर बेत होता. ही नुसती हौस होती असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्याची काजूची बाग डोंगराच्या कुशींत आहे. पावसाळ्यांत तिथली तांबडी माती लोण्यासारखी होते, आणि चाक एकदां फिरूं लागलें कीं जागच्या जागीं फिरत राहतें. शिवाय माल भरून घाट चढावा, कराडचा बाजार गांठावा, ही उमेद होतीच.

जीप ही गाडी जन्मली लढाईसाठीं. १९४० सालीं अमेरिकन सैन्यानें चारी चाकांनीं ओढणारी हलकी गाडी मागितली, आणि दुसरें महायुद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. एंजिन अवघें ६० अश्वशक्तीचें! आपल्याकडे १९४५ सालीं महिंद्र आणि महंमद या नांवानें निघालेली व १९४८ पासून महिंद्र आणि महिंद्र म्हणून ओळखली जाणारी कंपनी विलीस जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडूं लागली. लढाईची ती गाडी मग वनखात्यांत, तालुक्याच्या कचेरींत, शेताच्या बांधावर आणि लग्नाच्या वऱ्हाडांतही वावरली. पुढें पेट्रोल महागलें, तेव्हां ठिकठिकाणच्या मिस्त्र्यांनीं तिचें मूळचें एंजिन उतरवून डिझेल एंजिन चढवण्याचा सपाटाच लावला.

मीही त्यांतलाच. १९८० नंतरच्या दशकांतली गोष्ट. नवें एंजिन बसलें, नोंदणी-पुस्तकांतला इंधनाचा रकाना रीतसर बदलला, आणि पहिल्याच आठवड्यांत मी घाट चढून गेलों. पूर्वीं जेथें गाडी धापा टाकी, तेथें ती गात चढली. ब्रेक मात्र होते तेच होते. त्यांच्याकडे पाहण्याचें मला सुचलेंही नाहीं. परततांना हौद्यांत गुळाच्या ढेपा होत्या आणि शेजारीं धाकटा भाऊ. एंजिनाच्या भरंवशावर मी तिसऱ्या गिअरमध्येंच उतरूं लागलों. निम्म्या उतारावर जळका वास आला, आणि ब्रेकवरचा पाय खोल खोल जाऊं लागला. गाडी थांबेना. दरीची बाजू सोडून डोंगराकडच्या गटारांत ती घालण्याएवढी बुद्धि शाबूत राहिली, हें नशीब. माझ्या अंगावर ओरखडाही उठला नाहीं. भावाचें मनगट मोडलें, आणि तें आजही सरळ नाहीं. त्याच भावाचा हा मुलगा.

तें असें कां झालें, हें समजायला मला पुष्कळ दिवस लागले. माल धरून १५०० किलो वजनाची गाडी साडेचारशे मीटर खालीं येते असें समजा. जलाशयाचें पाणी तेवढें खालीं येतांना चक्रें फिरवतें. गाडीच्या उतरण्यांतली शक्ति कोठें जाते? ती उष्णता होते, आणि तिचा मोठा भाग ब्रेकच्या चार ड्रमांत सांठतो. सारी उष्णता एकत्र केली तर सुमारे २१ लिटर थंड पाण्याला उकळी येईल. मोठी बादलीभर पाणी! ड्रम तापून फुगतो, अस्तराची पकड सुटते, आणि पाय नुसता खालीं जातो. एंजिननें हा भार वांटून घ्यावा, म्हणून तर जुने ड्रायव्हर बजावीत असत कीं ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर. पेट्रोलच्या एंजिनांत पाय काढतांच हवेची वाट अडते आणि एंजिन गाडीला मागें ओढतें. बहुतेक डिझेल एंजिनांत ती अडवणारी झडपच नसते, त्यामुळें ओढ कमी पडते. चढतांना मिळालेलें बळ उतरतांना कामीं येत नाहीं, हें मला कोणी सांगितलें नव्हतें. आणि खरें सांगायचें तर मीं कोणाला विचारलेंही नव्हतें.

हें सारें पुतण्याला सांगितलें. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "बरें, एंजिन राहूं द्या. पण उंची?"

उंचीचेंही तेंच. पाट्यांखालीं ठोकळे घालून किंवा जास्त वांकाचे पाटे बसवून गाडी उचलली, कीं खालचे दगड लागत नाहींत हें खरें. परंतु एंजिनकडून आंसाकडे जाणारा दांडा आतां अधिक तिरपा होतो, त्याचे सांधे लवकर झिजतात, आणि सुकाणूच्या दांड्याचाही कोन बिघडून खड्ड्यांत गाडी आपोआप बाजूस ओढूं लागते. शिवाय गुरुत्वमध्य वर सरकतो. जीपच्या दोन चाकांतलें अंतर सुमारें ४८ इंच. म्हणजे निम्मे २४. गुरुत्वमध्य २६ इंचांवर असेल, तर उभी गाडी ४३ अंशांच्या आसपास कलेपर्यंत उलटणार नाहीं. तोच ३० इंचांवर नेला कीं ही मर्यादा ३९ अंशांच्या खालीं येते. चार अंश कागदावर थोडे दिसतात. वळणावर, हौदा भरलेला असतां, ते थोडे नसतात. आणि २८ इंचांच्या जागीं ३१ इंचांचीं चाकें घातलीं, तर जमिनीवरची ओढ जवळजवळ १० टक्क्यांनीं घटते, ब्रेकची पकडही तितकीच घटते, आणि कांटा ४० दाखवीत असतां गाडी ४४ नें धांवत असते.

लॉकरचा मुद्दा मात्र त्यानें सहजासहजीं सोडला नाहीं, आणि तो अगदींच चूक होता असें मी म्हणणार नाहीं. दिंडी वळते तेव्हां बाहेरच्या टोकाचा वारकरी लांब ढांगा टाकतो, आंतला जवळजवळ जागींच पावलें टाकतो. गाडीच्या दोन चाकांनाही तशी मोकळीक लागते, आणि आंसाच्या मध्यावर बसलेलें डिफरन्शियल ती देतें. पण तें दोन्ही चाकांना सारखेंच बळ वांटतें. एक चाक चिखलांत सटकलें, कीं त्याला जेवढें थोडें बळ पेलतें तेवढेंच दुसऱ्यालाही मिळतें, मग तें कोरड्या दगडावर कां असेना. लॉकर दोन्ही चाकें एकत्र जखडतो, आणि कोरडें चाक गाडीला बाहेर काढतें. युक्ति उत्तम आहे. २०१५ पासून थार गाडीच्या मागच्या आंसांत असें आपोआप गुंतणारें कुलूप कारखान्यांतूनच येऊं लागलें. पण तेथें आंस, दांडे, ब्रेक सारें एका हिशेबानें बनवलेलें असतें. जुन्या जीपच्या आंसांत तें घातलें, तर एकाच दांड्यावर सारा भार येऊन तो तुटूं शकतो. आणि डांबरी वळणावर कुलूप गुंतलेलें राहिलें तर टायर फरफटतात, गाडी वळायला नाखूष होते, पावसांत मागचा भाग सरकतो. कुंभार्लीच्या वळणावर मागचा भाग सरकणें म्हणजे काय, हें आमच्या घरांत समजावून सांगावें लागत नाहीं.

कायद्याचीही एक बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम अशा फेरफारांना आवर घालतें, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं निर्मात्यानें ठरवलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल गाडींत करतां येणार नाहीं. माझ्या तरुणपणीं जें खपून गेलें तें आज खपणार नाहीं. अपघात झालाच तर विम्याची भरपाईही वादांत सांपडेल, हें वेगळेंच.

शेवटीं आम्हीं दोघांनीं मिळून काम काढलें. मूळचेंच एंजिन उघडून दुरुस्त केलें. ब्रेकचे ड्रम, अस्तरें, नळ्या, तेल, सारें नवें घातलें. खर्चाचा मोठा वांटा येथेंच गेला, आणि पुतण्याला तो फार लागला, कारण बाहेरून त्यांतलें कांहींच दिसत नाहीं! पाटे मूळ मापाचे, टायर मूळ उंचीचेच पण खोल नक्षीचे. चिखलासाठीं जीपच्या पोटांत दुसरा गिअर पूर्वींपासून आहेच. तो टाकला कीं चाकांची ओढ जवळजवळ अडीचपट होते. त्याच्या जोडीला दोन फळ्या आणि फावडें हौद्यांत कायमचें ठेवलें. यंदाच्या पावसाळ्यांत बागेच्या वाटेवर गाडी दोनदां रुतली, दोन्ही वेळां फळ्यांवरून निघाली. लॉकरचा नाद त्यानें अजून सोडलेला नाहीं. अधूनमधून तो विषय काढतो, आणि आमचा वाद होतो.

पाऊस ओसरल्यावर एके दिवशीं तो हेळवाकहून घाट उतरला. दुसऱ्या गिअरवर, सावकाश. मागें मालमोटारी भोंगे वाजवीत होत्या. शेजारीं त्याचे वडील बसले होते. पोफळीला गाडी थांबली, तेव्हां भाऊ खालीं उतरला आणि आपल्या वांकड्या मनगटाचा हात त्यानें पुढच्या चाकापाशीं नेला. ड्रम चांगलाच ऊन होता. पण बोट टेकवतां येत होतें.